दुखण्याची भाषा
(द्वितीय वर्ष, कला)

आरोग्यासारखे धन नाही, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु आरोग्याचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर पांढरा कोट, स्टेथोस्कोप आणि शास्त्र शाखेची प्रयोगशाळा येते. कला शाखेच्या विद्यार्थ्याचा तेथे काय संबंध, असे बहुतेकांना वाटते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. मी मराठी विषय घेतला तेव्हा एक नातेवाईक म्हणाले, "नर्सिंगला गेली असतीस तर चार लोकांच्या उपयोगी तरी पडली असतीस." त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. गेल्या वर्षी घरात घडलेल्या एका प्रसंगाने ते सुचले. पण त्याची किंमत माझ्या आजीला मोजावी लागली.

एक शब्द चुकला

आमचे गाव इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या बाजूला. आजीला रक्तदाबाची गोळी चालू होती. दिवाळीनंतर ती म्हणू लागली, "उठलं की डोळ्याम्होरं अंधारी येतीया." मी तिला एका रुग्णालयात घेऊन गेले. तेथील तरुण डॉक्टर परप्रांतातून आलेले. मराठी त्यांना जेमतेम समजे. आजीने आपले गाऱ्हाणे आपल्या बोलीत सांगितले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मला आजीच्या 'म्होरं' आणि 'येतीया'चा संकोच वाटला. मी कॉलेजात शिकणारी! घाईघाईने मी म्हणाले, "दादी को चक्कर आता है." बाहेर रांग मोठी होती. डॉक्टरांनी चक्करेच्या गोळ्या लिहून दिल्या. पंधरा दिवस आजीने त्या नेमाने घेतल्या, आणि एके दिवशी पहाटे बाजेवरून उठता उठता ती अंगणात कोसळली. मनगट मोडले.

प्लास्टर घालताना एका वयस्कर सिस्टरनी सहज विचारले, "आजी, घर फिरतं का डोळ्यांपुढं अंधारी येते?" आजी म्हणाली, "घर कशाला फिरतंय बाई? अंधारी येतीया. कवाधरनं सांगतीया मी." सिस्टरनी डॉक्टरांना बोलावले. आजीचा रक्तदाब आधी झोपवून मोजला, मग उभी करून मोजला. उभी राहताच तो बराच खाली उतरत होता. रक्तदाबाच्या गोळीचे प्रमाण कमी केले, चक्करेच्या गोळ्या बंद केल्या. आठ-दहा दिवसांत अंधारी येणे थांबले.

नंतर डॉक्टरांनी मला नीट समजावून सांगितले. भोवतालच्या भिंती गरगर फिरत असतील तर दोष पुष्कळदा कानाच्या आतील, तोल सांभाळणाऱ्या भागात असतो. उठताना डोळ्यांपुढे अंधार येत असेल तर मेंदूला क्षणभर रक्त कमी पडलेले असते. त्याचे कारण रक्तदाब, एखादे औषध किंवा अंगात रक्त कमी असणे हे असू शकते. 'चक्कर' या शब्दात आपण दोन्ही कोंबतो. आजीच्या बोलीत मात्र 'घेरी' वेगळी आणि 'अंधारी' वेगळी. तिने आपले दुखणे अचूक सांगितले होते. ते पुसून टाकणारी मी होते, आणि मी मराठीची विद्यार्थिनी आहे.

रोग आणि दुखणे

त्या दिवसापासून मी शब्दांकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागले. कळ येते आणि जाते. ठणका नाडीच्या ठोक्याबरोबर पडतो. चमक क्षणात निघून जाते. गळू ठसठसते, जखम चुरचुरते, पोटात मुरडा येतो, आणि ताप भरण्याआधी अंगात कणकण असते. यांतील प्रत्येक शब्द म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांनी केलेले निरीक्षण होय. 'वेदना' हा शब्दसुद्धा संस्कृतातील 'विद्' म्हणजे जाणणे या धातूपासून आलेला आहे. विद्या आणि वेदना एकाच घरच्या, हे वर्गात व्युत्पत्ती शिकताना कळले होते. पटले मात्र आजीच्या बाजेजवळ.

मराठीत 'रोग' आणि 'दुखणे' असे दोन शब्द आहेत. रोग शरीरात असतो, दुखणे माणसाला असते. रोग तपासता येतो, दुखणे ऐकावे लागते. आर्थर क्लाइनमन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असाच भेद विस्ताराने मांडला आहे. रुग्ण आपल्या आजाराची जी कहाणी सांगतो ती ऐकणे हा उपचाराचाच भाग आहे, असे त्याचे प्रतिपादन आहे. कहाणी ऐकायची म्हणजे काय, कोणता शब्द का आला, सांगणारा कोठे थांबला, काय गाळले, हे पाहायचे. वाङ्मयाच्या तासाला आपण दुसरे काय करतो?

इतिहासाची साक्ष

इतिहास विषय घेणाऱ्या मित्रांनाही येथे मोठे काम आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली. सरकारने रँडच्या हाताखाली विशेष समिती नेमली. गोरे सैनिक घराघरांत शिरून झडत्या घेऊ लागले. रोग्याला वेगळे ठेवावे, ही कल्पना वैद्यकीय दृष्ट्या निराधार नव्हती. परंतु लोकांचा मान, देवघर, बायकांची अब्रू यांचा विचार झाला नाही. लोक रोगी लपवू लागले. शेवटी २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली.

त्याच साथीत सावित्रीबाई फुले काय करीत होत्या, हे त्याच्या शेजारी ठेवून पाहावे. त्यांचे पुत्र यशवंत हे डॉक्टर होते. सावित्रीबाई रोग्यांना त्यांच्याकडे उपचारासाठी नेत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः पाठीवर आणले, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. १८५४ साली 'काव्यफुले' लिहिणारी कवयित्री आणि प्लेगच्या रोग्याला पाठीवर घेणारी बाई या दोन व्यक्ती नव्हेत. रोग एकच होता. एकीकडून लोक पळाले आणि दुसरीकडे विश्वासाने गेले. हा फरक औषधाने झालेला नाही.

तळावरची बाई

आता आपल्याच परिसरात येऊ. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर या बाजूला गळीत हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते आणि एक दिवस खाडा झाला तरी पैसे कापले जातात. तळावर न्हाणीघर नाही, संडास नाही. अशा बाईला पाळीचा त्रास झाला तर ती काय करील? २०१९ साली शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. केवळ पोटाची सोनोग्राफी पाहून याचे कारण कळणार नाही. त्यासाठी 'उचल' आणि 'खाडा' हे शब्द कळावे लागतात. हे काम अर्थशास्त्राचे आणि समाजशास्त्राचे आहे.

बायका बोलत नाहीत, असे म्हणून आपण मोकळे होतो. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते आणि पूर्वी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. १९८९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. राणीबाईंनी पुढे त्या स्त्रियांचे बोलणे ज्या पुस्तकात मांडले त्याचे नाव 'कानोसा' आहे. नावातच सारे आले.

जेथे औषध थांबते

काही आजार असे असतात की तेथे औषध फार दूर जात नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटात संस्कृतचे एक विद्वान प्राध्यापक स्मृतिभ्रंशाने सारे विसरतात आणि हत्तीच्या मागे चालत निघून जातात. माहुताच्या अडाणी बायकोला त्या आजाराचे नावही ठाऊक नाही. पण ती त्यांना लेकरासारखे सांभाळते. त्या प्राध्यापकांची भूमिका करणारे डॉ. मोहन आगाशे हे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. शेजारच्या दौंडला बालरोगतज्ज्ञ म्हणून काम केलेल्या डॉ. जब्बार पटेलांनी 'सामना', 'सिंहासन' आणि 'उंबरठा' दिले. डॉक्टर आणि कलावंत यांच्यामध्ये आपण समजतो तेवढी उंच भिंत नाही.

दोन्ही हवे

येथे कोणी म्हणेल, कवितेने ताप उतरतो काय? नाही उतरत. आजीला शेवटी रक्तदाब मोजण्याच्या यंत्राचाच आधार मिळाला, हे मी विसरत नाही. पण यंत्र केव्हा लावायचे आणि झोपवून व उभे करून दोनदा का लावायचे, हे एका शब्दाने सुचवले. दोन्ही हवे, एवढेच माझे म्हणणे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९४८ सालीच आरोग्याच्या व्याख्येत शरीराबरोबर मन आणि समाज यांचा समावेश केला. आपल्या देशात २०१९ पासून लागू झालेल्या एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात रुग्णाशी संवाद आणि स्थानिक भाषा यांना जागा मिळाली आहे. त्याच वर्षी बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. दूरवरून तेथे येणाऱ्या मुलामुलींना 'अंधारी' आणि 'घेरी' यांतील फरक कोण सांगणार?

तो आपण सांगावा, अशी माझी सूचना आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरासाठी आपण दरवर्षी खेड्यात जातो. श्रमदान झाल्यावर रोज एक तास म्हाताऱ्या माणसांजवळ बसावे आणि दुखण्यांचे शब्द, ते कधी वापरतात या माहितीसह, टिपून घ्यावेत. मराठी विभागातील प्राध्यापकांनी ते तपासून द्यावेत आणि त्याची छोटी पुस्तिका करून आपण वैद्यकीय महाविद्यालयाला भेट द्यावी. खर्च फारसा नाही, संकोच तेवढा सोडावा लागेल.

मी सुरुवात केली आहे. वही घेऊन आजीसमोर बसले तेव्हा ती हसली. म्हणाली, "दुखणी काय लिवायची असत्यात व्हय?" मग प्लास्टर निघालेला हात चोळत स्वतःच एकेक सांगू लागली. पहिल्या संध्याकाळी एकतीस शब्द झाले. त्यांत पहिला 'अंधारी' आहे.