रोग्याची सेवा व हातांची शुद्धता

हिंगणीसारख्या गावी कोणाच्या घरी जुलाब-वांतीचा आजार शिरला, म्हणजे दोन प्रकारचे लोक आमच्या दृष्टीस पडतात. कित्येक त्या घराची वाटच सोडतात. कित्येक रोग्याची सेवा करून येतात, पण तेच हात न धुता भाकरीस लावतात. दोघेही चुकतात.

ह्याच वर्धा जिल्ह्यात, सेवाग्राम आश्रमी, १९३९ साली कुष्ठरोगाने पीडित परचुरे शास्त्री आले, तेव्हा गांधीजींनी त्यांस आश्रय देऊन स्वहस्ते त्यांची शुश्रूषा केली. रोग्याचा त्याग करू नये, हे आम्ही त्यावरून शिकावे.

परंतु सेवेबरोबर सावधगिरीही हवी. जुलाबाचे जंतू डोळ्यांस दिसत नाहीत; ते विष्ठेतून हातांस व हातांवाटे अन्नपाण्यास लागतात. ह्यास्तव शौचानंतर, रोग्याचे कपडे व भांडी हाताळल्यावर आणि अन्नास शिवण्यापूर्वी साबणाने निदान २० सेकंद हात चोळून धुवावे. माठात पेला बुडवू नये. लांब दांड्याच्या ओगराळ्याने पाणी काढावे. पिण्याचे पाणी उकळून, झाकून ठेवावे.

प्रिय बंधुभगिनींनो, आजारी शेजाऱ्याच्या दारी अवश्य जा. मात्र घरी परतताच आधी न्हाणीकडे वळा, मग चुलीकडे.