बटण कितीही वेळ दाबा, वीज क्षणभरच!



विज्ञान प्रदर्शनात मुलांना बटणं फार आवडतात. एकदा दाबलं की बोट काढायचं नावच नाही! बटणाला दिवा जोडला असेल तर काही बिघडत नाही. पण दाराची कडी ओढणारी किंवा खेळण्यातल्या रेल्वेचे रूळ बदलणारी कॉइल असेल तर? तिला क्षणभराचा झटका पुरतो. पुढेही वीज वाहत राहिली की कॉइल तापते, तारेवरचं इनॅमल जळू शकतं, बॅटरीही लवकर उतरते.

"बोट पटकन काढ" असं सांगून हे थांबत नाही. वीज किती वेळ वाहायची, ते बोटाने नाही, सर्किटने ठरवायला हवं.

मुलांना आधी तांब्याचं उदाहरण द्या. नळ उघडा ठेवला तर पाणी वाहतच राहतं. पण तांब्या भरून बाजूला नेऊन ओतला तर तांब्याभरच पाणी पडतं, मग तो कितीही वेळ उलटा धरा! आपला तांब्या म्हणजे कपॅसिटर.

साहित्य : ९ व्होल्टची बॅटरी, तीन टोकांचा मायक्रो स्विच, ४७० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा कपॅसिटर, १ किलोओहम आणि ४७० ओहमचे रेझिस्टर, लाल एलईडी.

कृती :
१. स्विचचं 'कॉमन' टोक कपॅसिटरच्या धन टोकाला जोडा. कपॅसिटरचं ऋण टोक (पट्टा असलेली बाजू) बॅटरीच्या ऋण टोकाला जोडा.
२. 'एनसी' टोक १ किलोओहममधून बॅटरीच्या धन टोकाला जोडा.
३. 'एनओ' टोकाला ४७० ओहम, पुढे एलईडीचा लांब पाय जोडा. आखूड पाय बॅटरीच्या ऋण टोकाला.

बटण न दाबता दोन-तीन सेकंद थांबा. तेवढ्यात कपॅसिटर भरतो. आता बटण दाबा आणि दाबूनच ठेवा. एलईडी चमकतो, मंद होतो, विझतो. पुन्हा चमकवायचा असेल तर बटण सोडून तांब्या परत भरू द्यावा लागतो.

असं का होतं? बटण दाबताच कपॅसिटर बॅटरीपासून सुटतो आणि एलईडीला जोडला जातो. साठलेला विद्युतभार संपला की खेळ संपला. हा वेळ साधारण रोध गुणिले धारिता यावरून कळतो : ४७० ओहम × ०.०००४७ फॅरड = सुमारे ०.२२ सेकंद. एवढ्या वेळात कपॅसिटरमधून वाहणारा प्रवाह झपाट्याने घटतो. आता १०० आणि १००० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लावायला सांगा, पण काय होईल याचा अंदाज आधी वहीत लिहून घ्या. गुणाकार डोळ्यांना दिसतो, ही या प्रयोगाची खरी कमाई!

एलईडीच्या जागी कॉइल लावायची असेल तर तिचा रोध खूप कमी असतो, म्हणून कपॅसिटर मोठा लागतो.

सावधान : प्रयोग फक्त बॅटरीवरच करा, घरातल्या २३० व्होल्टच्या विजेवर कधीच नाही. कपॅसिटर उलटा जोडला तर तापून फुटू शकतो, म्हणून बॅटरी जोडण्याआधी मोठ्यांनी जोडणी एकदा तपासावी.

शेवटी मुलांना एक प्रश्न नक्की विचारा : बटण भराभर दाबत राहिलं तर चमक कमी का होत जाते? उत्तर तांब्यातच आहे!