मोबाईलला वायफाय लागत नाही: दोष कोठे शोधावा?

आमच्या ओळखीचे एक जरीकाम करणारे कारागीर आहेत. त्यांच्या फोनमध्ये कित्येक वर्षांच्या नक्षीकामाचे फोटो होते. गिऱ्हाईक आले की तोच त्यांचा नमुन्यांचा आल्बम. एके दिवशी घरी वायफाय लागेना. त्यांनी फोन एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने "सेटिंग साफ करतो" असे म्हणून फोन संपूर्ण कोरा करून दिला. फोटो गेले, पार्ट्यांचे नंबर गेले, आणि घरी आल्यावर वायफाय पूर्वीसारखेच बंद! दोष घरातील वायफायच्या डब्याच्या वायरमध्ये होता. फोनला काहीही झालेले नव्हते.

असे प्रकार आम्ही बाजारात वारंवार पाहतो. आज पेमेंट यूपीआयने, मालाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर, जीएसटीचे काम पोर्टलवर. इंटरनेट थांबले की गल्ला थांबतो. म्हणून हा मसला नीट समजून घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतू. आम्ही इंजिनियर नाही, कापडाचे व्यापारी आहोत. जे ठेचा खाऊन शिकलो व जाणकारांकडून पडताळून घेतले, तेवढेच सांगतो.

लूमवरचे कापड सदोष निघू लागले की जाणता विणकर काय करतो? तो यंत्र उघडून बसत नाही. आधी कापड पाहतो. दोष लांबीत सरळ चालत गेला असेल तर तो ताण्याचा, आडवा पडला असेल तर बाण्याचा. मग हात त्याच ठिकाणी जातो. वायफायचेही असेच आहे. दोषाच्या जागा तीन: एक आपला फोन, दुसरी दुकानात बसविलेला वायफायचा डबा म्हणजे राऊटर, आणि तिसरी बाहेरून येणारी लाईन. जागा ठरल्याशिवाय कोणत्याही सेटिंगला हात लावू नये.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. वायफाय लागणे आणि इंटरनेट चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वायफाय म्हणजे फोन व राऊटर यांच्यातील बिनतारी दुवा, बस. राऊटरच्या पुढे माल येतो की नाही हे त्याला ठाऊक नसते. आपल्या दुकानापासून गोदामापर्यंतचा रस्ता साफ आहे, पण गोदामच रिकामे आहे, अशी गत. फोनच्या वरच्या कोपऱ्यात पंख्यासारखे चिन्ह असते. ते भरलेले आहे पण शेजारी उद्गारचिन्ह दिसते, तर समजावे की राऊटरपर्यंत आपण पोहोचलो, पुढे इंटरनेट मिळत नाही. चिन्हच नसेल तर फोन राऊटरशी जुळलेलाच नाही. चिन्ह पूर्ण भरलेले पाहून "सिग्नल तर फुल आहे" असे पुष्कळ लोक सांगतात. ते भरलेपण राऊटरच्या सिग्नलचे असते, इंटरनेटचे नव्हे.

जागा ठरविण्याची कसोटी सोपी आहे. त्याच वायफायवर दुसरा फोन लावून पाहावा. कोणताच फोन चालत नसेल तर दोष राऊटरमध्ये किंवा लाईनमध्ये. बाकीचे चालतात आणि एकच अडतो, तर बहुधा तो फोनच आजारी. खात्री करावयाची असेल तर तो अडलेला फोन मुलाच्या किंवा शेजाऱ्याच्या हॉटस्पॉटवर लावावा. तेथेही चालला नाही तर शंका उरत नाही. ही तपासणी दोन मिनिटांची आहे.

ही दोन मिनिटे न दिल्याने आमचे काय झाले ते सांगतो. २०२३ सालचा उन्हाळा. गुरुवारची संध्याकाळ. आमच्या मालेगावात शुक्रवारी लूम बंद असतात, त्यामुळे गुरुवारी सगळ्यांनाच घाई. कच्च्या कापडाच्या गाठी बालोतऱ्याला जावयाच्या होत्या, ट्रक दारात उभा. माल राज्याबाहेर जाणार आणि किंमत पन्नास हजारांच्या वर, म्हणजे ई-वे बिल हवेच. मुनीमजी ते काम फोनवरून करीत. वायफाय लागलेले, पण पोर्टल उघडेना. सिमचा डेटा संपलेला होता, त्यामुळे तो मार्गही बंद. आम्ही केबलवाल्याला फोन करून नको ते बोललो. बिचारा धावत आला. त्याने आपला फोन आमच्याच वायफायला लावला आणि तो झटकन चालला! आम्ही खजील झालो. तोपर्यंत ट्रकवाल्याने इतरांचा माल भरला व निघून गेला. आमच्या गाठी शनिवारी गेल्या. तिकडच्या पार्टीने उशिराबद्दल जे ऐकविले ते येथे लिहिण्याजोगे नाही, आणि पुढच्या सौद्यात भाव पाडून घेतला तो वेगळाच.

कारण निघाले ते असे. मुनीमजींच्या नातवाने कोणत्याशा खेळातील बक्षीस लवकर मिळावे म्हणून फोनची तारीख पुढे ढकलली होती, तीही साल बदलून. आता तारखेचा इंटरनेटशी काय संबंध, असे कोणीही विचारील. आम्हीही विचारले. बँक, जीएसटी पोर्टल, व्हॉट्सअ‍ॅप अशी प्रत्येक जागा फोनला आधी आपले प्रमाणपत्र दाखविते, की मी खरी तीच आहे. त्या प्रमाणपत्राला मुदत असते. फोन ती मुदत आपल्या घड्याळाशी ताडून पाहतो. घड्याळच दोन वर्षे पुढे असेल तर फोनला वाटते की प्रमाणपत्राची मुदत संपली, आणि तो दार बंद करतो. वास्तविक पडद्यावर इंग्रजीत स्पष्ट लिहून आले होते की तुमचे घड्याळ पुढे आहे. मुनीमजींनी ते न वाचताच मागे जाण्याचे बटण दाबले. आम्हीही उर्दू शाळेत शिकलेले, लांबलचक इंग्रजी मजकूर दिसला की नजर आपोआप खाली घसरते. तेव्हापासून आम्ही असा पडदा आला की त्याचा फोटो काढून पुतण्याला पाठवितो. आणि तारीख व वेळ नेहमी 'ऑटोमॅटिक' वर ठेवतो.

आणखी एक चूक त्याच दिवशीची. पुतण्याचा फोन शेजारीच चालू होता. बिल त्यावरून निघाले असते. परंतु पोर्टलचा पासवर्ड फक्त मुनीमजींच्या फोनमध्ये साठविलेला, कागदावर कोठेच नाही. आता तो लिफाफ्यात बंद करून तिजोरीत असतो.

असो. एकच फोन अडत असेल तर काय करावे? प्रथम विमानाचे चिन्ह असलेले बटण, म्हणजे एअरप्लेन मोड, चुकून चालू नाही ना ते पाहावे. मग वायफाय बंद करून पुन्हा चालू करावे, नाही जमले तर फोन बंद-चालू करावा. एवढ्यानेही काम न झाल्यास वायफायच्या यादीत आपल्या दुकानाच्या नावावर जाऊन 'फर्गेट', म्हणजे विसरा, हे निवडावे आणि नव्याने पासवर्ड घालावा. राऊटरचा पासवर्ड बदलला असेल आणि नाव तेच असेल तर फोन जुनाच पासवर्ड देत राहतो, त्यावर हाच इलाज. पासवर्ड घालताना इंग्रजीतील लहान व मोठी अक्षरे वेगळी धरली जातात. आमच्या उर्दूत काय, मराठीत काय, लहान-मोठे अक्षर हा प्रकारच नाही, म्हणून आपली माणसे येथे हमखास चुकतात. शून्य आणि ओ यांचाही असाच घोटाळा होतो. पासवर्ड टाकताना तो दाखविणारे डोळ्याचे चिन्ह असते, ते दाबून पाहून लिहावा.

काही वेळा फोन 'आयपी अ‍ॅड्रेस मिळवीत आहे' असे दाखवून तेथेच अडकतो. राऊटर आपल्याकडे आलेल्या प्रत्येक फोनला एक नंबर देतो. दवाखान्यात टोकन मिळते तसे. टोकन संपले किंवा राऊटर गोंधळला की नव्या फोनला नंबर मिळत नाही. राऊटर बंद-चालू केल्याने हे बहुधा सुटते. पण ज्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला व हमालाला पासवर्ड दिलेला आहे तेथे हे पुनःपुन्हा होणार. पासवर्ड बदलावा. पाहुण्यांसाठी राऊटरमध्ये 'गेस्ट' म्हणून वेगळे वायफाय करता येते. हिशेबाचा संगणक ज्या वायफायवर आहे त्यावर परक्या माणसाचा फोन असूच नये.

व्हीपीएन नावाचे अ‍ॅप कोणी टाकून ठेवले असेल तर ते बंद करून पाहावे. अँड्रॉईड फोनमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' अशी एक सेटिंग असते. जाहिराती रोखण्यासाठी मुले त्यात काहीतरी भरतात. ती जागा बंद पडली की वायफाय लागूनही एकही साईट उघडत नाही. ती सेटिंग 'ऑटोमॅटिक' करावी. सगळे चालते आणि एकच अ‍ॅप अडते, तर वायफायला दोष देऊ नये. त्या अ‍ॅपलाच अपडेट हवे असते किंवा त्यांच्याकडेच बिघाड असतो.

सर्वांत शेवटचा उपाय म्हणजे 'नेटवर्क सेटिंग रीसेट'. याने साठविलेली वायफायची नावे, पासवर्ड व ब्लूटूथच्या जोड्या पुसल्या जातात, फोटो व नंबर जात नाहीत. मात्र 'फॅक्टरी रीसेट' ही निराळीच चीज आहे. ती सारा फोन कोरा करते. वर सांगितलेल्या जरीवाल्या कारागिराचे नुकसान या दोन नावांतील फरकामुळेच झाले. दुरुस्तीवाल्याच्या हाती फोन देताना तो यांपैकी काय करणार आहे हे विचारून घ्यावे, आणि फोटोंची नक्कल आधीच दुसरीकडे ठेवावी.

आता सगळेच फोन बंद असतील तर राऊटरकडे वळावे. फायबरची लाईन असेल तर डब्यावर 'पॉन' नावाचा दिवा स्थिर हिरवा हवा. 'लॉस' नावाचा दिवा लाल चमकत असेल तर बाहेरून येणारा प्रकाश डब्यापर्यंत पोहोचत नाही. वायर तुटली, उंदराने कुरतडली किंवा कोठे तरी तीक्ष्ण दुमडली. काचेच्या त्या बारीक तारेतून प्रकाश जातो, ती दोरीसारखी खिळ्याला गुंडाळली की प्रकाश बाहेर सांडतो. येथे आपले हात चालत नाहीत, लाईनवाल्यालाच बोलवावे. तारेच्या सुट्या टोकात डोळा लावून पाहू नये. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

दिवे ठीक असूनही इंटरनेट नसेल तर राऊटरचा प्लग काढून अर्धा मिनिट थांबावे, मग लावून दोन-तीन मिनिटे धीर धरावा. त्याच्या मागील बारीक छिद्रातील बटण मात्र टाचणीने दाबू नये. त्याने कंपनीने भरलेली सगळी माहिती पुसली जाते आणि मग लाईन चांगली असूनही इंटरनेट येत नाही. दिवसातून चार वेळा राऊटर आपोआप बंद-चालू होत असेल तर अ‍ॅडॅप्टर बदलून पाहावा. लाईट वरखाली होणाऱ्या आपल्या भागात अ‍ॅडॅप्टरच आधी मरतो. नवा घेताना व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर कमी नकोत. आणि पॅकची मुदत संपलेली नाही ना, हेही पाहावे. हे लिहिताना हसू येते, पण आमच्या गल्लीत एकाने या कारणासाठी नवा राऊटर विकत घेतला आहे.

दुकानात चालते, मागच्या गोदामात चालत नाही, ही तक्रार कापड बाजारात फार. कोरडे कापड लहरींना फारसे अडवीत नाही. अडवते ते लोखंड. लोखंडी रॅक, पत्र्याची भिंत, शटर, सळईचा स्लॅब, पाण्याची टाकी. पुष्कळांचा राऊटर गल्ल्याखाली किंवा लोखंडी कपाटामागे दडविलेला असतो. तो उंचावर व मध्यभागी उघडा ठेवावा. बहुतेक नव्या राऊटरमधून दोन वायफाय निघतात, २.४ व ५ गिगाहर्ट्झ. पहिले लांब जाते, भिंतीतूनही बऱ्यापैकी जाते, पण वेगाने कमी. दुसरे वेगवान, पण एक-दोन भिंतींत दम तोडते. गोदामासाठी पहिले, गल्ल्याजवळ दुसरे, असा हिशेब ठेवावा. दाट बाजारपेठेत प्रत्येक दुकानाचे २.४ एकमेकांत मिसळते, कारण त्यात एकमेकांशी न भिडणाऱ्या वाटा तीनच मानल्या जातात: १, ६ आणि ११. शेजारी ज्या वाटेवर नाहीत ती आपल्या राऊटरमध्ये निवडून द्यावी. लाईनवाला हे पाच मिनिटांत करून देतो, पण सांगितल्याशिवाय करीत नाही.

प्रवासातील एक अडचण. रेल्वे स्टेशन किंवा हॉटेलचे वायफाय लागते, पण काही उघडत नाही. तेथे आधी एक पान उघडून मोबाईल नंबर व ओटीपी द्यावा लागतो. ते पान आपोआप आले नाही तर ब्राउझर उघडून कोणतीही साधी साईट टाकावी. हा ओटीपी एसएमएसने म्हणजे सहसा टॉवरवरून येतो, तेव्हा एअरप्लेन मोडमध्ये वाट पाहत बसू नये. अशा उघड्या वायफायवर बँकेचे काम आम्ही करीत नाही. त्यासाठी सिमचा डेटा वापरतो, आणि तो संपू देत नाही.

लाईनवाल्याला तक्रार करताना "नेट बंद आहे" एवढेच सांगू नये. किती फोन बंद आहेत, कोणता दिवा कोणत्या रंगाचा आहे, राऊटर बंद-चालू करून पाहिला की नाही, आणि केव्हापासून हे होत आहे, एवढे सांगावे. आमचा केबलवाला आता आमचा फोन उचलल्याबरोबर पहिल्यांदा विचारतो, "चाचा, तारीख पाहिली का?"