वर्ग इंग्रजीत बोलता कसा करावा?

प्रश्न : मी नववीला इंग्रजी शिकवते. मुलांचं व्याकरण बरं आहे, पण बोलायला सांगितलं की वर्ग गप्प होतो. काय करावं?

उत्तर : ‘४-३-२’ हा उपक्रम घेऊन पाहा. गावच्या जत्रेसारखा ओळखीचा विषय द्या. मुद्दे मनात जुळवायला थोडा वेळ द्या. लिहून वाचायचं नाही. मग जोडीदाराला ४ मिनिटं सांगायचं, जोडीदार बदलून तेच ३ मिनिटांत, पुन्हा बदलून २ मिनिटांत. मजकूर तोच असल्याने शब्द शोधावे लागत नाहीत आणि बोलण्याला ओघ येतो. सुरुवातीला ३-२-१ चालेल. मध्येच टोकू नका. वारंवार होणाऱ्या चुका शेवटी, कुणाचं नाव न घेता, फळ्यावर दुरुस्त करा. अर्धा वर्ग एकाच वेळी बोलेल, गलका होईल. तो होऊ द्या.