भयाने दूर गेलेला भक्त आणि भगवंतांचे बोलावणे

श्रद्धा आणि भय ही दोन्ही एकाच अंतःकरणात नांदू शकतात काय, असा प्रश्न साधकाच्या मनात पुष्कळदा उठतो. श्रद्धा असेल तर भय कशाला, आणि भय असेल तर श्रद्धा कसली, असे तर्क म्हणतो. परंतु जीव हा अनादि अविद्येने बांधलेला आहे. त्याची श्रद्धा खरी असूनही अपुरी असू शकते. अशा अपुऱ्या भक्ताशी भगवंत कसे वागतात, हे श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधातील ५६ व ५७ ह्या अध्यायांत, स्यमंतक मण्याच्या आख्यानात, अक्रूराच्या निमित्ताने पाहावयास मिळते.

अक्रूर हा सामान्य भक्त नव्हे. कंसाच्या आज्ञेने गोकुळाकडे निघाला असता श्रीकृष्ण भगवंतांची पावले धुळीत उमटलेली पाहून तो रथाखाली उतरला आणि त्या धुळीत लोळला. यमुनेच्या जळात त्याला दिव्य दर्शन घडले. पुढे भगवंत स्वतः त्याच्या घरी गेले आणि पांडवांचा समाचार घेण्यासाठी त्यालाच त्यांनी हस्तिनापुरास धाडले. इतके सन्निधान लाभलेला पुरुष पुढे चुकला, हे येथे ध्यानात ठेवावे.

प्रसंग असा. सत्राजिताजवळ रोज आठ भार सोने देणारा स्यमंतक मणी होता. त्याने आपली कन्या सत्यभामा भगवंतांना अर्पण केली. ती आपल्याला देऊ केली होती, हा सल अक्रूर व कृतवर्मा यांच्या मनात राहिला. लाक्षागृहाची वार्ता ऐकून भगवंत व बलराम हस्तिनापुरास गेले असता, ह्या दोघांनी शतधन्व्याला मणी हिरावून घेण्यास चिथावले. शतधन्व्याने निजलेल्या सत्राजिताचा वध केला. भगवंत आपला पाठलाग करणार हे कळताच तो आधी कृतवर्म्याकडे आणि मग अक्रूराकडे साहाय्य मागू लागला. दोघांनीही भयाने नकार दिला. तेव्हा मणी अक्रूरापाशी ठेवून तो पळाला आणि मिथिलेच्या उपवनात मारला गेला. त्याच्यापाशी मणी सापडला नाही. भगवंतांनी द्वारकेस परतून सत्राजिताचे उत्तरकार्य करविले. शतधन्व्याचा वध झाल्याचे ऐकून अक्रूर व कृतवर्मा द्वारका सोडून गेले.

अक्रूराच्या भयाचे स्वरूप नीट तपासावे. भगवंतांचे सामर्थ्य तो पूर्ण जाणत होता. ते सांगूनच त्याने शतधन्व्याला नकार दिला. म्हणजे त्याच्या ज्ञानात उणीव नव्हती. ज्यांचे सामर्थ्य जाणले त्यांची दया मात्र त्या घटकेला त्याने जाणली नाही. सामर्थ्याचे ज्ञान दयेच्या ज्ञानावाचून राहिले की ते जीवाला ईश्वराकडे नेत नाही, ईश्वरापासून पळविते.

आता भगवंतांची कृती पाहावी. द्वारकेत अरिष्टे होऊ लागली. अक्रूर नाही म्हणून हे घडते, असे वृद्ध म्हणाले. कारण एवढेच नव्हे, हे जाणूनही भगवंतांनी अक्रूराला आणविले. अक्रूर आपण होऊन परतला नाही. बोलावणे आधी आले. त्याचा सत्कार झाला, प्रिय गोष्टी झाल्या, आणि मग भगवंत स्मितपूर्वक बोलले. मणी तुजपाशी आहे हे आम्हांस पूर्वीच ठाऊक आहे. तो इतरांस सांभाळणे कठीण, म्हणून तुजपाशीच असू दे. परंतु मण्याविषयी आमच्या ज्येष्ठ बंधूंचा आमच्यावर पुरता विश्वास बसत नाही, यास्तव तो एकवार सर्वांस दाखीव, असा त्या बोलण्याचा आशय आहे. अक्रूराने वस्त्रात गुंडाळलेला मणी पुढे केला. भगवंतांनी तो आप्तांस दाखवून आपल्यावरचा आळ दूर केला आणि मणी परत अक्रूराच्याच हाती दिला.

येथे कोणी शंका घेईल की, शतधन्व्याला दंड आणि चिथावणाऱ्या अक्रूराला मान, हा न्याय कसा? उत्तर असे की, शतधन्व्याला जो दंड झाला तो निद्रिस्ताच्या हत्येचा, भयाचा नव्हे. अक्रूराचा दोषही भगवंतांनी झाकून ठेवला नाही. लपविलेली वस्तू चारचौघांत बाहेर काढविली. मात्र दोष उघडा करताना भक्ताला उघडे पाडले नाही. शिवाय अक्रूराच्या लपविण्याची झळ आधी भगवंतांनीच सोसली. सख्ख्या भावाचा संशय त्यांनी अंगावर घेतला. कृपा म्हणजे दोषाकडे डोळेझाक नव्हे. दोषाचा भार स्वतः वाहून भक्ताला परत उभे करणे, ही कृपा होय.

गीतेच्या नवव्या अध्यायातील ३० व ३१ ह्या श्लोकांचे तात्पर्यही हेच आहे: अनन्यभावाने भजणारा अत्यंत दुराचारी असला तरी त्याला साधूच मानावे, कारण त्याचा निश्चय योग्य आहे, तो लवकरच धर्मात्मा होतो आणि त्याचा नाश होत नाही.

साधकाने हे आख्यान आपल्यावर लावून पाहावे. उपदेश घेतलेला जीव एखादा नियम मोडतो. मग लाजेने तो गुरूंच्या दर्शनास जात नाही, पारायणाला बसत नाही, साधुसंत दिसले तर वाट बदलतो. अशी वर्षे लोटतात. नियम मोडला ही चूक एका दिवसाची, पण दूर राहणे ही रोजची चूक होते. मणी वस्त्रात गुंडाळून ठेवल्याने त्याचे तेज लपत नाही, आणि ज्यांच्यापासून तो लपवावयाचा त्यांना तो ठाऊकच असतो. म्हणून भय वाटले तर वाटो. त्या भयासह यावे, गाठ सोडून दाखवावी, सांगतील ते प्रायश्चित्त घ्यावे. परमेश्वराला जीवोद्धरणाचे व्यसन आहे. ज्या हाताने आपण लपविले, तोच हात ते पुन्हा विश्वासाचा करतात.