करमणुकीचे वाचन

सांगली आणि मिरज या दोन शहरांच्या मध्ये विश्रामबाग वसले आहे. १९१९ साली स्थापन झालेले विलिंग्डन महाविद्यालय येथेच आहे. परंतु अशा विद्येच्या परिसरातही एखाद्या मुलाच्या दप्तरात पाठ्यपुस्तकाआड रहस्यकथा दडलेली आढळते, आणि वडीलधारी माणसे विचारतात, "अभ्यास सोडून हे काय वाचतोस?" हा प्रश्न आजचा नाही. कथेची गोडी आणि तिच्याविषयीचा संशय ही दोन्ही फार जुनी आहेत.

सातव्या शतकात, सम्राट हर्षवर्धनाच्या काळी, बाणभट्टाने 'कादंबरी' नावाचा संस्कृत गद्यग्रंथ रचला. त्यात शूद्रक राजाच्या दरबारी एक पोपट आणला जातो आणि तो मनुष्यवाणीने आपली हकीकत सांगू लागतो. तीत प्रेम आहे, वियोग आहे, शापाने घोडा झालेला एक मित्रही आहे. हा पोपट पूर्वजन्मी कोण होता आणि ऐकणारा राजा कोण, हे कोडे अखेरीस उलगडते. ग्रंथ अपुरा असतानाच बाण निवर्तला. तेव्हा त्याच्या पुत्राने तो पूर्णत्वास नेला. या ग्रंथातील नायिकेचे नाव पुढे मराठीत एका संपूर्ण साहित्यप्रकाराला मिळाले. आज आपण दीर्घ कथेला 'कादंबरी' म्हणतो, ते त्यामुळेच.

मराठीत १८६१ साली लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' प्रसिद्ध झाली. अद्भुत प्रसंगांनी भरलेल्या अशा कादंबऱ्या लोक आवडीने वाचीत. पुढे १८९० मध्ये हरि नारायण आपटे यांनी साप्ताहिक काढले, त्याचे नावच 'करमणूक' असे ठेविले. त्यातूनच 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी क्रमशः छापली गेली. करमणुकीसाठी अंक हाती घेणाऱ्या वाचकांना यमू नावाच्या मुलीचे दुःख तेथे भेटले आणि घराघरांतील स्त्रियांच्या हालांकडे त्यांचे लक्ष वेधले गेले.

सांगली जिल्ह्यातील आष्टे गावी १८६१ मध्ये काशीबाई कानिटकर यांचा जन्म झाला. मुलींना शिकविण्याची रीत त्या काळी नव्हती. काशीबाई विवाहानंतर लिहावयास-वाचावयास शिकल्या आणि वाचता वाचता स्वतःच लेखिका झाल्या. 'रंगराव' ही कादंबरी आणि डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र त्यांनी लिहिले.

विसाव्या शतकात बाबुराव अर्नाळकरांनी एक हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड हे त्यांचे नायक घरोघरी ओळखीचे झाले. अशा छोट्या पुस्तकांनी पुष्कळांना वाचनाची चटक लावली, हे त्यांचे कार्य लहान नव्हे.

मग हलके साहित्य कोणते आणि भारदस्त कोणते? विषयावरून ते ठरत नाही. सांगलीस जन्मलेल्या वि. स. खांडेकरांनी 'ययाति'मध्ये प्रेमाची आणि कुटुंबाचीच कथा सांगितली; पण पुत्राचे तारुण्य मागणारा पिता पाहून वाचक स्वतःच्या लोभाचा विचार करू लागतो. याच जिल्ह्यातील माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर यांनी 'सत्तांतर'मध्ये वानरांच्या टोळ्या रंगविल्या. त्या झुंजी वाचताना माणसांच्या भांडणांची आठवण होते.

ज्याप्रमाणे नुसत्या चटणीने पोट भरत नाही, त्याचप्रमाणे नुसत्या रहस्यकथांनी मनाचे पोषण होत नाही. तथापि चटणीवाचून भाकरी घशाखाली उतरत नाही, हेही खरे. पुस्तक मिटल्यावर गुन्हेगाराचे नाव तेवढे ध्यानात राहिले, तर त्या पुस्तकाने घटकाभर मन रमविले. परंतु एखाद्या अनोळखी माणसाचे दुःख आपले वाटू लागले, तर त्याने अधिक काही दिले. हा भेद ज्याला उमगला, त्याने दप्तरातील पुस्तक लपविण्याचे कारण नाही.

अभ्यास
१. 'कादंबरी' हा शब्द मराठीत कसा रूढ झाला?
२. 'करमणूक' साप्ताहिकातील कादंबरीने वाचकांचे लक्ष कशाकडे वेधले?
३. तुम्हांला आवडलेल्या एका गोष्टीविषयी दहा ओळी लिहा. ती वाचल्यावर मनात काय उरले, ते सांगा.