घोडे वाहणारा ट्रक : नोंदणी व विम्याचे कागद कसे ठेवावेत?

घोड्यांची खरेदी-विक्री, शर्यतीचे घोडे सांभाळणे किंवा वरातीसाठी घोडी पुरवणे या व्यवसायांत स्वतःचा ट्रक असणे फायद्याचे असते. सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या बाजाराला जायचे म्हणजे जनावरांबरोबर दोन-चार माणसेही रात्रंदिवस प्रवासात असतात. म्हणून काही मालक ट्रकच्या हौद्यातच मोतद्दारांना झोपण्यासाठी फळ्यांचा माळा, पाण्याची टाकी, स्वयंपाकाची जागा करून घेतात. गाडी बदलते, पण कागद जुनेच राहतात. याची किंमत अपघातानंतर मोजावी लागते.

मूळ तत्त्व साधे आहे. विमा कंपनी जबाबदारी घेते ती पॉलिसीत वर्णन केलेल्या गाडीची आणि वर्णन केलेल्या वापराची. तेव्हा नोंदणी पुस्तक, परवाना, योग्यता प्रमाणपत्र व पॉलिसी या चारही कागदांत एकच गाडी दिसली पाहिजे.

१) नोंदणी

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. या कायद्यात ट्रेलर हेही स्वतंत्र मोटार वाहन मानले जाते. ट्रकची किंवा जीपची नोंदणी आहे म्हणून मागच्या ट्रेलरची वेगळी नोंदणी नको, हा समज चुकीचा आहे.

नवी चेसिस घेऊन बॉडी बांधायची असेल तर हीच वेळ महत्त्वाची. जनावरांचे कप्पे, उतरंड, माणसांची सोय यांचा आराखडा नोंदणीपूर्वीच आरटीओला दाखवून विचारून घ्यावा. अशा गाडीला विक्री प्रमाणपत्राबरोबर (फॉर्म २१) बॉडी बांधणाऱ्याच्या सहीचा फॉर्म २२-ए लागतो. नोंदणी झाल्यावर गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करण्यास कलम ५२ मनाई करते.

बॉडीचे काम लांबले तर तात्पुरत्या नोंदणीच्या मुदतीवर लक्ष ठेवावे. ही मुदत संपलेली मोटार चोरीस गेली, तेव्हा विमा कंपनीने दावा नाकारणे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये योग्य ठरवले.

२) जनावरांसाठी विशेष नियम

केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१५ साली १२५-ई हा नियम घालण्यात आला. जनावरांच्या गाडीत कायमचे कप्पे असावेत, प्रत्येक घोड्यास २.२५ चौरस मीटर जागा असावी आणि अशा गाडीतून दुसरा माल नेऊ नये, असे तो सांगतो. १९७८ च्या जनावर वाहतूक नियमांनुसार एका गाडीत चार ते सहापेक्षा जास्त घोडे नेता येत नाहीत. त्यांची तोंडे डावीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांपासून दूर ठेवावी लागतात. पशुवैद्यकाचा दाखलाही लागतो.

३) परवाना व योग्यता

एकूण वजन ३,००० किलोपेक्षा जास्त असलेल्या मालवाहू गाडीला परवाना लागतो. योग्यता प्रमाणपत्र गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन-दोन वर्षांसाठी व पुढे दरवर्षी घ्यावे लागते. परवाना नसताना अपघात झाल्यास जखमींना भरपाई कंपनीने आधी द्यावी व ती मालकाकडून वसूल करावी, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने मे २०१८ मध्ये मान्य केली. विमा असूनही पैसे शेवटी मालकाच्याच खिशातून जातात.

४) माणसांचे काय?

सर्वांत मोठा धोका येथे आहे. १९९४ च्या दुरुस्तीने मालवाहू गाडीतून जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी सक्तीच्या विम्यात आला. इतर प्रवासी मात्र आले नाहीत. हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये स्पष्ट केले. मालाच्या मालकानेही केबिनमध्येच बसले पाहिजे, असे २००७ च्या निकालात म्हटले आहे. मालगाडीतून फुकट जाणारे प्रवासी नव्या कलम १४७ मध्येही वगळलेले आहेत.

म्हणून हौद्यातल्या माळ्यावर माणसे झोपवून गाडी चालवू नये. मुक्कामाला गाडी उभी असताना विश्रांती घेणे वेगळे आणि धावत्या गाडीत झोपणे वेगळे. माणसे केबिनमध्ये, नोंदणी पुस्तकातील आसनसंख्येइतकीच बसवावीत. चालक, क्लीनर, मोतद्दार हे नोकरीतले असतील तर जादा हप्ता भरून त्यांची संख्या पॉलिसीत लिहून घ्यावी. उरलेल्यांना रेल्वेने किंवा एसटीने पाठवणे स्वस्त पडते.

५) गाडी व घोडा : दोन वेगळे विमे

तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. तो नसल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. पण या विम्यातून स्वतःच्या गाडीचे नुकसान मिळत नाही. त्यासाठी सर्वंकष पॉलिसी लागते. समजा, ट्रकची विमा किंमत ८ लाख आहे आणि कप्पे व इतर सोयींवर आणखी २ लाख खर्च झाले आहेत. हे २ लाख पॉलिसीत दाखवले नसतील तर ते मागता येणार नाहीत.

घोड्याची किंमत तर या दोन्हींत येत नाही. त्यासाठी जनावराचा विमा वेगळा घ्यावा आणि त्यात प्रवासातील अपघात धरला आहे का, हे विचारावे.

६) जुना ट्रक घेताना

खरेदी झाल्यापासून ३० दिवसांत नोंदणी आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा आणि १४ दिवसांत विमा कंपनीला कळवावे. विकणाऱ्यानेही दुर्लक्ष करू नये. ज्याचे नाव नोंदणीत आहे तोच मालक समजून भरपाईस जबाबदार धरला जातो, असा सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०१८ चा निकाल आहे.

व्यावसायिक बांधवांनी पुढच्या फेरीपूर्वी चारही कागद शेजारी शेजारी ठेवून मालकाचे नाव, चेसिस क्रमांक, बॉडीचा प्रकार, आसनसंख्या व मुदती ताडून पाहाव्यात. जेथे फरक दिसेल तेथे आरटीओ व विमा कंपनी यांना लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. एजंटाच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. दाव्याच्या वेळी कागदच पाहिला जातो.